तबकडीवरील फोटो संगणकांत कसे उतरावे?

दरेकसा हें गांव नागपूर-हावडा लोहमार्गावर, महाराष्ट्राच्या पूर्व सीमेलगत वसलें आहे. जवळच हाजरा धबधबा आहे आणि डोंगरांत कचारगडच्या गुहा आहेत. माघी पौर्णिमेस कचारगडावर गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. दूरदूरच्या प्रांतांतून माणसें येतात, आणि जो तो फोटो काढतो. आज हे फोटो मोबाईलमध्यें राहतात. परंतु पंधरा-वीस वर्षांपूर्वीं रीत निराळी होती. स्टुडिओवाला लग्नाचे किंवा यात्रेचे फोटो सीडीवर भरून देई, आणि ती सीडी घरांतल्या ट्रंकेंत, चांगल्या लुगड्यांच्या घडीखालीं जपून ठेविली जाई. अशा तबकड्या आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं अजून असतील. त्या बाहेर काढून संगणकांत कशा उतराव्या, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्या घरीं अशा नऊ तबकड्या निघाल्या. एकीवर २००९ सालच्या यात्रेंतील आजोबांचा फोटो होता: हातांत काठी, डोक्यास पंचा, मागें कचारगडचा कडा. पुढें वर्षभरांतच ते वारले. कागदावर त्या फोटोची प्रत कोणींच काढलेली नव्हती. तबकडी यंत्रांत घातली. यंत्र बराच वेळ घरघरलें, आणि तबकडी कोरी आहे असें संगणकानें कळविलें. आजी शेजारींच बसली होती. तिला काय सांगावें तें मला सुचेना.

असें कां होतें, हें समजण्यास तबकडीची रचना ठाऊक पाहिजे. सीडी प्रथम १९८२ सालीं गाण्यांकरितां बाजारांत आली. तिचा व्यास १२० मिलिमीटर व जाडी सुमारें १.२ मिलिमीटर असते. जिच्यावर घरीं किंवा स्टुडिओंत मजकूर भरतां येतो, तिच्या प्लास्टिकवर रंगद्रव्याचा पातळ थर दिलेला असतो. लेझरचा किरण त्या थरावर सूक्ष्म खुणा उमटवितो. वर चकाकणाऱ्या धातूचा थर आणि त्यावर केवळ लाखेसारखा एक पातळ लेप. पुष्कळ लोक चकाकती बाजू जिवापाड जपतात आणि नांवाच्या बाजूवर बॉलपेननें खुशाल लिहितात. सीडीच्या बाबतींत हें अगदीं उलट आहे! खालच्या बाजूस जाड प्लास्टिकचें चिलखत असतें. नांवाची बाजूच खरी नाजूक. शिवाय ऊन, उष्णता व दमट हवा यांनीं रंगद्रव्य हळूहळू निकामी होतें. आमच्याकडील मे महिन्याचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा, दोन्ही तिचे वैरीच.

तबकडी मळली असेल तर मऊ कापडानें पुसावी; मात्र मधल्या छिद्रापासून कडेकडे, सरळ रेषेंत. गोल गोल पुसूं नये. कारण मजकूर गोलाकार मार्गावर लिहिलेला असतो. आडवा ओरखडा गेल्यास थोडींच अक्षरें तुटतात, व तीं हिशेबानें भरून काढण्याची सोय यंत्रांत असते. मार्गाच्याच दिशेनें लांब ओरखडा गेला तर हिशेब चुकतो.

एका यंत्रानें नाहीं म्हटलें म्हणजे निराश होऊं नये. यंत्रायंत्राची नजर वेगळी असते. आमची तबकडी शेजाऱ्यांच्या जुन्या संगणकानें वाचली. नव्या संगणकांत तबकडीचें यंत्र बहुधा नसतें. तें स्वतंत्र मिळतें व यूएसबी तारेनें जोडतां येतें.

आतां उतरविण्याची कृति. प्रथम संगणकांत ‘मूळ तबकड्या’ या नांवाचा एक फोल्डर करावा, व त्यांत प्रत्येक तबकडीसाठीं ०१, ०२ असा निराळा फोल्डर करावा. तोच आंकडा तबकडीच्या डबीवर लिहावा. मग तबकडींतील सर्व मजकूर, कांहींही न निवडतां व न बदलतां, त्या त्या फोल्डरांत कॉपी करावा. या फोल्डरास पुढें हात लावूं नये. कॅमेऱ्याचें कार्ड असेल तर ‘कट’ करूं नये, ‘कॉपी’च करावें, मध्येंच वीज गेली तरी मूळ माल जागेवर राहतो.

हा नियम मीं प्रथम पाळला नाहीं, आणि त्याचें फळ मला मिळालें. दोन तबकड्यांवरील फोटो मीं घाईनें एकाच फोल्डरांत ओतले. कॅमेरा फोटोंस स्वतःच नांवें देतो, आणि एकाच कंपनीचे दोन कॅमेरे ‘डीएससी_०००१’ हेंच नांव देऊं शकतात. या नांवाचा फोटो येथें आहे, बदलूं काय, असें संगणकानें विचारलें. मीं न वाचतां होकार दिला. आजोबांच्या फोटोच्या जागीं मावसबहिणीच्या लग्नाचा मांडव येऊन बसला! शेजाऱ्यांकडे पुन्हां गेलों. दोनदां तबकडीनें दाद दिली नाहीं, तिसऱ्या खेपेस दिली. असा प्रश्न येईल तेव्हां ‘दोन्ही ठेवा’ हेंच उत्तर द्यावें.

कॉपी झाल्यावर तबकडीवर किती फोटो होते व संगणकांत किती आले, हें ‘प्रॉपर्टीज’मध्यें पाहून ताडून घ्यावें. बाइटांचा एकूण आंकडाही जुळला पाहिजे. लहान चित्र दिसतें म्हणून समाधान मानूं नये. फोटोच्या पोटांत कधीं कधीं लहान चित्र वेगळें साठविलेलें असतें, तें शाबूत राहून मोठा फोटो अर्ध्यावर करडा झालेला असूं शकतो. कांहीं फोटो पूर्ण उघडून पाहावे.

यानंतर मांडणी. ‘मूळ तबकड्यां’ची आणखी एक प्रत काढून तिच्यांत ती करावी. फोल्डरचें नांव वर्ष, महिना, दिवस या क्रमानें लिहावें: ‘२००९-०२-०९ कचारगड यात्रा’. दिवस आधीं लिहिला तर सर्व वर्षांच्या नऊ तारखा एकत्र गोळा होतात. फोटोंतील माणसांचीं नांवें घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून त्याच फोल्डरांत एका कागदवजा फाइलींत लिहून ठेवावीं. हें काम संगणक करीत नाहीं, आणि तें लांबणीवर टाकण्यासारखेंही नाहीं. आमच्या आजीनें एका संध्याकाळीं चोवीस नांवें सांगितलीं. त्यांपैकीं सतरा आम्हां कोणासच ठाऊक नव्हतीं.

संगणकांत एक प्रत झाली म्हणजे काम संपलें असें नव्हे. संगणकाची डिस्कही बंद पडते. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचीं रिळें चार होतीं. आज त्यांपैकीं पहिलें व शेवटचें एवढींच उरलीं आहेत. २००३ सालीं पुण्यास लागलेल्या आगींत जुन्या फिल्मांचा मोठा सांठा जळाला. तेव्हां दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि तिसरी दुसऱ्या घरीं. एका सीडींत सुमारें ७०० मेगाबाइट मावतात, म्हणजे दोन मेगाबाइटांचे साडेतीनशे फोटो. त्यामुळें आमच्या नऊही तबकड्या एका बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्यें सहज बसल्या.

तो पेन ड्राइव्ह डोंगरगडास मामांकडे असतो. माघी पौर्णिमेस ते यात्रेला येतात तेव्हां तो बरोबर आणतात. आम्ही तो संगणकास लावून फोल्डर उघडून पाहतों, त्या वर्षीचे नवे फोटो भरतों, आणि परत जातांना त्यांच्या खिशांत घालतों. आजी मात्र पहिल्यानें ‘२००९’ उघडावयास लावते.