घर्षण कमी की जास्त? ट्रामला विचारा!



२०१७ साली मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीसाठी खोदकाम चालू असताना जमिनीखाली जुने रूळ सापडले. ते होते मुंबईच्या ट्रामचे! ९ मे १८७४ रोजी तेथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली.

अकरावीच्या वर्गात मी दरवर्षी विचारतो, "माणसांनी भरलेला डबा दोन घोडे कसे ओढत असतील?" उत्तर ठरलेले असते : "सर, रूळ गुळगुळीत, म्हणून घर्षण कमी." मग मी विचारतो, "घर्षण कमी, तर ब्रेक लावल्यावर ट्राम थांबते कशी?" वर्ग गप्प! या गप्प बसण्यातच आजचा धडा आहे.

आधी हिशेब करू

भरलेल्या ट्रामचे वस्तुमान ५,००० किलोग्रॅम धरू. म्हणजे वजन सुमारे ५०,००० न्यूटन. पोलादी रुळावर पोलादी चाक गडगडताना होणारा विरोध वजनाच्या शंभराव्या भागाइतका धरला, तर तो ५०० न्यूटन होतो. कच्च्या रस्त्यावर चाक मातीत रुतते. तेथे विरोध पंचविसावा भाग, म्हणजे २,००० न्यूटन धरू. घोडा दीर्घकाळ ओढताना साधारण ४०० न्यूटन बल लावतो असे मानले, तर रुळावर दोन घोडे पुरतात. कच्च्या रस्त्यावर मात्र पाच लागतील.

हा हिशेब सांगली-मिरजेसारख्या सपाट रस्त्याचा झाला. आता हीच ट्राम साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात नेऊ. दर २० मीटरला १ मीटर चढ धरला, तर वजनाचा विसावा भाग, म्हणजे २,५०० न्यूटन बल आणखी हवे. एकूण ३,००० न्यूटन! बिचारे दोन घोडे काय करणार?

घर्षण दोन प्रकारचे

आता त्या अवघड प्रश्नाकडे वळू. चाक न घसरता गडगडते, तेव्हा रुळाला टेकलेला त्याचा बिंदू त्या क्षणापुरता स्थिर असतो. म्हणून तेथे काम करते ते स्थितिक घर्षण. तेच ट्रामला पुढे ढकलते आणि ब्रेक लावल्यावर थांबवते. कोरड्या रुळावर हे बल वजनाच्या पाचव्या भागापर्यंत सहज जाऊ शकते. गडगडताना होणारा विरोध ही निराळी गोष्ट. चाक व रूळ किंचित दबतात, त्यात ऊर्जा खर्च होते, म्हणून तो होतो. पोलाद फारच कमी दबते. तेव्हा विरोध कमी आणि पकड पुरेशी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात!

लिस्बनची चढण

पोर्तुगालच्या लिस्बन शहरात १९३० च्या दशकातल्या ट्राम जपल्या आहेत. १९९० च्या दशकात त्यांचे डबे तसेच ठेवून आतली यंत्रणा नवी केली. वरच्या तारेतून वीज येते, मोटरमधून जाते आणि रुळांवाटे परतते. म्हणून एकच तार पुरते. तेथील सर्वांत अवघड चढ सुमारे १३ टक्के, म्हणजे वजनाच्या आठव्या भागाहून अधिक बल हवे. कोरड्या रुळाची पकड त्याहून जास्त आहे आणि सगळी चाके मोटरने फिरतात, म्हणून ट्राम चढते. पाऊस आला की पकड निम्म्यावरही येऊ शकते. मग चाक जागीच फिरू लागते. त्यावर उपाय साधा आहे : चाकापुढे रुळावर चिमूटभर वाळू सोडायची!

कोलकात्यात १९३८ च्या ट्राममध्ये २०१४ साली 'स्मरणिका' हे संग्रहालय उघडले. तेथे आपण डबा पाहू शकतो. पण वाळूचे काम कळते ते चालत्या ट्राममध्येच. यंत्र जपायचे, तर त्याचे चालणेही जपले पाहिजे.

करून पाहा

खेळण्यातली गाडी ताणकाट्याने आधी काचेवर, मग वाळूवर ओढा. दोन्ही वाचने लिहून ठेवा. नंतर तिची चाके चिकटपट्टीने घट्ट बांधून काचेवर पुन्हा ओढा. तिन्ही आकड्यांत फरक का पडला, ते वहीत तुमच्याच शब्दांत लिहा आणि आपल्या शिक्षकांशी त्यावर चर्चा करा.