पेशींचा पहारा आणि आपली दक्षता

पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्या ४६ गुणसूत्रांतील डीएनएची नक्कल तयार होते. नकलेत बिघाड झाल्यास पेशी विभाजन थांबवून दुरुस्ती करते; ती न साधल्यास स्वतःचा अंत घडवून आणते. १९७९ साली ज्ञात झालेले पी-५३ प्रथिन या कामातील प्रमुख पहारेकरी होय. तंबाखूतील द्रव्यांमुळे डीएनएला इजा होते. पहाराही निकामी झाला, तर गुणसूत्रांची मोडतोड वाढून कर्करोग बळावतो. टाटा मेमोरिअल रुग्णालयाचे डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४४ मध्येच मुंबईतील मुखकर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. जानेफळ परिसरातील कुटुंबांना आमची नम्र विनंती आहे, की तंबाखू सोडावी आणि तोंडातील जखम दोन आठवड्यांत न भरल्यास विनाविलंब तपासणी करून घ्यावी.