आपल्या घराण्याचा इतिहास : आरंभ कसा करावा?

(बी. ए. भाग २)

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य कुळाचे मूळ विचारायला कोणीच मनाई केलेली नाही. ते कोणी विचारत नाही, एवढेच. आपल्या जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला. लखुजी जाधवांचा तेथील वाडा आपण सर्वांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. जाधवांची वंशावळ ग्रंथांतून छापलेली आहे. पण वर्गात उभे राहून 'तुझ्या पणजोबांचे नाव सांग' असे कोणी विचारले, तर किती हात वर होतील? दोन वर्षांपूर्वी माझा हात वर झाला नसता.

मी या शोधाला लागले ती हौसेने नव्हे. महाविद्यालयात प्रवेश घेणारी मी आमच्या घरातील पहिलीच. प्रवेशाबरोबर शिष्यवृत्ती आली आणि शिष्यवृत्तीबरोबर जात वैधता प्रमाणपत्राची गरज आली. त्यासाठी पूर्वजांचा जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना एकदा तरी घराण्याचे इतिहाससंशोधक व्हावेच लागते! प्रमाणपत्र हाती आले की आपण ते कागद ट्रंकेत ठेवून देतो. मला मात्र त्या कागदांनी एक प्रश्न घातला आणि मी पुढे शोधत राहिले. त्या खटपटीत जे शिकले, ते क्रमाने सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

१. आरंभ घरातून

आज मोबाईल प्रत्येकाच्या हाती आहे. म्हणून आपण आधी मोबाईलवर आडनाव टाकून पाहतो आणि निराश होतो. कारण साधे आहे. कोणताही जुना कागद शोधायचा तर तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : नाव, गाव आणि अंदाजे साल. या तीन गोष्टी इंटरनेटवर नाहीत. त्या ओसरीवर बसलेल्या आजीजवळ आहेत.

वडीलधारी माणसे साल सांगत नाहीत, घटना सांगतात. 'मानमोडीच्या साथीत गेला' म्हणजे १९१८. 'मोठ्या दुष्काळात खडी फोडली' म्हणजे १९७२. माझ्या आजीचे माहेर जालना जिल्ह्यात आहे. तो भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 'रझाकारीच्या साली मी रांगत होते,' असे ती सांगते, त्यावरून तिचे जन्मसाल मी १९४७ धरले. अशा घटनांची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

स्त्रियांच्या बाबतीत दोन नावे विचारावीत. लग्नात नाव बदलण्याची चाल असल्यामुळे माहेरचे नाव निराळे असते. आजीचे माहेरचे नाव मला या शोधामुळे प्रथमच कळले. परंतु तिच्या सासूचे, म्हणजे माझ्या पणजीचे नाव तिला सांगता येईना. "मले काय ठाव बाप्पा? सारं गाव तिले चिखलीवालीच म्हने. मी आत्याबाई म्हनो." सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारण्याची आपल्याकडील रीत आपण जाणतोच. आजी लग्न होऊन आली १९६५ साली आणि पणजी वारली १९७० साली. आजोबा गेले, त्यांच्या दोन्ही बहिणीही गेल्या. बाबांचा जन्म पणजीच्या मागून झाला. म्हणजे जिच्या पोटी आमचे घराणे वाढले, तिचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मला पडलेला प्रश्न तो हाच.

२. गावचे कागद

आपला वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. येथे रयतवारी पद्धत असल्याने शेत ज्याच्या नावे, त्याची नोंद सरकारी दप्तरात झाली. खसरा, पेरेपत्रक, क-पत्रक ही त्या दप्तराची नावे आहेत. दुसरा महत्त्वाचा कागद म्हणजे कोतवाल बुक. गावातील जन्म-मृत्यूची ही नोंदवही. तिची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून अर्ज करून मिळते. तिसरा कागद म्हणजे प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर.

हे कागद एकमेकांना जोडून वाचावे लागतात. आमच्या कोतवाल बुकात पणजोबांच्या नावापुढे तीन जन्म आहेत : १९३६ मुलगी, १९३९ मुलगी, १९४३ मुलगा. नावे नाहीत, कारण वर्दी बारशाच्या आधीच दिली जाई. १९४३ चा मुलगा म्हणजे माझे आजोबा, हे शाळेच्या रजिस्टरवरून सिद्ध झाले. त्या दोन मुली मात्र शाळेत गेल्याच नाहीत. त्यामुळे कागदावर त्या 'मुलगी' एवढ्याच राहिल्या.

नोंदींतील काही शब्द ओळखीचे करून घ्यावेत. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'जवजे' म्हणजे अमक्याची बायको, 'बेवा' म्हणजे विधवा.

३. इंटरनेटवर काय मिळते?

घरची वही तयार झाली, की मग मोबाईल हाती घ्यावा. पहिले स्थान महाभूलेख. येथे अमरावती विभाग, मग जिल्हा, तालुका, गाव निवडले की गट क्रमांकावरून सातबारा विनामूल्य पाहता येतो. सातबाऱ्यावर जुन्या फेरफारांचे क्रमांक असतात, तिकडे विशेष लक्ष द्यावे. जमिनीचा मालक का व केव्हा बदलला, याची हकीकत म्हणजे फेरफार. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार व उतारे शासनाने छायाप्रती करून इंटरनेटवर ठेवले आहेत. जेथे ते नाहीत, तेथे क्रमांक घेऊन कार्यालयात जावे. क्रमांक हाती असला की नुसते 'जुने कागद पाहिजेत' असे सांगत उभे राहावे लागत नाही. तसेच २०२३ साली नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींचा शोध झाला आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या दप्तरांची पाने आली. ती जरूर चाळावीत.

दुसरे स्थान फॅमिलीसर्च. अमेरिकेतील युटा राज्यातील एका चर्चची ही विनामूल्य सेवा आहे. हरिद्वार व उत्तरेकडील इतर तीर्थांच्या पंड्यांनी यात्रेकरूंच्या ज्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या, त्यांची छायाचित्रे येथे पाहता येतात. आपल्याकडची माणसे अधिक करून त्र्यंबकेश्वर व नाशिकला जात. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहण्यासाठी प्रत्यक्ष जावे लागते. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की ते वही काढतात.

तिसरे स्थान इंटरनेट आर्काइव्ह. लायल यांनी १८७० साली संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर यासारखे जुने ग्रंथ येथे वाचता येतात. त्यांत आपल्या आजोबांचे नाव मिळणार नाही, परंतु त्यांच्या काळचे पीक, बाजार, साथी आणि दुष्काळ कळतात. जनगणनेच्या १९६१ च्या जिल्हा पुस्तिकेत गावागणिक लोकसंख्या आहे. मात्र माणसामाणसाची जनगणना पत्रके आपल्याकडे कोणालाच पाहता येत नाहीत, १९४८ च्या जनगणना कायद्याने ती गोपनीय आहेत. अमेरिकेत अशी पत्रके ७२ वर्षांनी खुली होतात, त्याप्रमाणे १९५० ची पत्रके २०२२ साली खुली झाली.

येथे एक गोष्ट मनाला लागते. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर मॉरिशसला गेले. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे नाव, बापाचे नाव, गाव आणि जहाज यांची नोंद झाली. ते दप्तर मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेले आहे आणि आज त्यांचे वंशज ते पाहतात. समुद्रापार मजुरीला गेलेल्याचे नाव राहिले आणि येथेच दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या भूमिहीनाचे सातबाऱ्यावर कोठेच आले नाही! त्याच्या घरच्या मुलांनी कोतवाल बुक, शाळा आणि म्हाताऱ्या माणसांचे बोलणे यांवर अधिक भिस्त ठेवावी.

४. लिपी आणि सन

जुने कागद मोडी लिपीत असतात. निजामी भागातील पुष्कळसे उर्दूत आहेत. मोडी ही मराठीच आहे, फक्त अक्षराचे वळण निराळे. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग चालतात आणि इंटरनेटवर बाराखडीचे तक्तेही मिळतात. रोज अर्धा तास दिला तर नावे तरी लावता येऊ लागतात, हा माझा अनुभव.

सनांचा हिशेब असा : शकात ७८ मिळवावे, विक्रम संवतातून ५७ वजा करावे, निजामी कागदातील फसलीत ५९० मिळवावे. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, म्हणून मागचे-पुढचे वर्षही पाहावे.

दोन सावधगिऱ्या सांगते. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्यामुळे नाव जुळले म्हणजे माणूस जुळला, असे समजू नये. बापाचे नाव, गाव आणि साल ही तिन्ही जुळली पाहिजेत. आणि हयात माणसांची नावे व जन्मतारखा त्यांना विचारल्यावाचून इंटरनेटवर चढवू नयेत.

५. चिखलीवालीचे नाव

महाभूलेखवर आमच्या गटाचा सातबारा उघडला, तेव्हा जुन्या फेरफारांत एक क्रमांक दिसला. त्याची नक्कल मिळवली. तो १९६८ चा, पणजोबांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार निघाला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा आणि मुली यांनाही वारस ठरवले. त्यामुळे फेरफारात आधी 'बेवा' म्हणून पणजीचे नाव आले. मग आजोबांचे आणि त्याखाली त्यांच्या दोन बहिणींची नावे सासरच्या गावांसह. त्याखाली ओळ होती : दोघींनी आपला हक्क भावाच्या नावे सोडला. पुढे दोन अंगठे.

कोतवाल बुकात ज्या 'मुलगी' होत्या, त्यांची नावे सरकारी कागदावर मला सापडलेली ही एकच वेळ, आणि तीही हक्क सोडण्यापुरती. आमच्या शेताच्या उत्पन्नावर मी शिकते आहे. ते शेत अखंड राहिले त्यात या दोघींच्या अंगठ्यांचा वाटा आहे, हे मला घरात कोणी सांगितले नव्हते. बाबांना नक्कल वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या दोघींच्या लेकी कुठे आहेत ते आता शोधून काढ.

आजीला तिच्या सासूचे नाव कानात सांगितले, हल्ली तिला कमी ऐकू येते. ती हसली, पण नाव काही तिने उच्चारले नाही. सासूचे नाव घ्यायचे नसते. तिच्या मानाखातर मीही ते येथे छापत नाही. आमच्या वहीत मात्र ते ठळक अक्षरांत लिहिले आहे.

यावरून मला असे वाटते की, कागद आणि आठवण ही एकमेकांच्या उणिवा भरून काढतात. घराने हरवलेले नाव मला कागदाने दिले. आजीचे माहेरचे नाव, जे मला कोणत्याच कागदावर मिळाले नाही, ते तिच्या तोंडून मिळाले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्या आज पारी या संकेतस्थळावर ऐकता येतात. ज्या बायांची नावे दप्तरात नाहीत, त्यांनी आपली सुखदुःखे तेथे सांगितली आहेत. आपल्या आजीला जात्यावरची एखादी ओवी येत असेल, तर तीही मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी.

कागद अभिलेख कक्षात आणखी दहा वर्षे वाट पाहतील. आजी पाहीलच असे नाही. म्हणून वाचकहो, या सुट्टीत घरी जाल तेव्हा चाळीस पानी वही सोबत न्या आणि पहिला प्रश्न आजीलाच विचारा : तुझे माहेरचे नाव काय?