पालीची तहान कशी ओळखावी?

'पाळलेली पाल' हे शब्द वाचून तुम्हाला हसू आले असेल. पाल ती काय पाळावयाची? ती तर आपणहून ट्यूबलाइटच्या मागे येऊन राहते! परंतु अलीकडे काही हौशी लोक ठिपक्याठिपक्यांची बिबट्या पाल काचेच्या पेटीत ठेवतात. हिचे मूळ घर अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या कोरड्या, खडकाळ मुलखात. तिची एक सख्खी बहीण, शास्त्रीय नाव यूब्लेफॅरिस फस्कस, आपल्या महाराष्ट्र-गुजरातच्या दगडगोट्यांच्या माळांवरही आढळते. ही माळावरची पाल मात्र पकडून घरी आणावयाची नाही. ती तेथेच बरी.

आता कोरड्या मुलखातील प्राणी म्हटला की पाळणाऱ्याला वाटते, याला पाणी कशाला हवे? येथेच घोटाळा होतो, आणि शिरूर-दौंडसारख्या भागात तो पालीच्या जिवावर बेततो. घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाकाठी पाऊस पडतो तो 500 मिलिमीटरच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंश सेल्सियसच्या वर जातो आणि दुपारची हवा इतकी शुष्क असते की दोरीवरचे धोतर पाहता पाहता वाळते. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या काचेच्या पेटीत काय होत असेल, याची कल्पना करा.

मग माळावरची पाल जगते कशी? ती उन्हाला तोंड देत नाही, उन्हाला चुकवते. दिवसभर ती दगडाखाली नाहीतर जमिनीच्या भेगेत बसते. तेथील हवा बाहेरच्यापेक्षा थंड आणि दमट असते. रात्री ती बाहेर पडते आणि किडे खाते. किड्याच्या शरीराचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पाणीच असतो, त्यामुळे भोजन आणि पेयपान एकाच वेळी उरकते! जोडीला दवाचे थेंब चाटता येतात. पेटीत दगड असतो, पण त्याखाली ओल नसते आणि काचेवर दवही पडत नाही.

पाणी वाचविण्याची दुसरी युक्ती तुम्ही रोज पाहता. भिंतीखाली पडलेल्या पालीच्या काळ्या लेंडीला एका टोकाला पांढरा ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे तिचे मूत्र! आपण शरीरातील नत्रयुक्त घाण युरियाच्या रूपाने बाहेर टाकतो आणि युरिया विरघळवून नेण्यास भरपूर पाणी लागते. पाल तीच घाण युरिक आम्लाच्या रूपाने टाकते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून घट्ट पांढऱ्या लगद्यासारखे बाहेर पडते आणि पाणी शरीरात राहते. मात्र पाणी फारच कमी पडले तर याच युरिक आम्लाचे खडे मूत्रपिंडात आणि सांध्यांत साचू लागतात. तहानलेली पाल मरते ती पुष्कळदा अशा रीतीने.

लहान शरीराची आणखी एक अडचण आहे. 10 सेंटिमीटर बाजूच्या घनाचे आकारमान 1000 घन सेंटिमीटर आणि पृष्ठभाग 600 चौरस सेंटिमीटर. 1 सेंटिमीटर बाजूच्या घनाचे आकारमान 1, पण पृष्ठभाग 6. म्हणजे आकारमानाच्या मानाने लहान घनाला दसपट पृष्ठभाग! ओल्या मातीचे असे दोन ठोकळे करून पंख्याखाली ठेवा आणि तासातासाने वजन करा, म्हणजे खात्री पटेल. 40 ग्रॅम वजनाच्या पालीच्या शरीरातून 4 मिलिलिटर पाणी गेले, तर तिचे दहा टक्के वजन गेले. 4 मिलिलिटर म्हणजे थेंब किती? सुमारे 80.

ही तूट ओळखावयाची कशी? प्रथम डोळे पाहा. निरोगी पालीचे डोळे टपोरे असतात, पाणी घटले की ते आत ओढल्यासारखे दिसतात. लेंडीचा पांढरा भाग पिवळट आणि खड्यासारखा कडक होतो. तोंडातील लाळ चिकट होऊन तिच्या तारा निघतात. कात नीट सुटत नाही. बोटांभोवती तिची कडी तशीच राहिली तर ती दोऱ्यासारखी आवळत जाते आणि बोट झडते. बिबट्या पालीच्या कुशीवरील कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली, तर ती लगेच सपाट व्हावयास हवी. उभी राहिली तर पाणी कमी आहे. परंतु तिची कातडी मुळातच सैल असते, तेव्हा ती चांगली असताना एकदा हे पाहून ठेवलेले बरे. घरच्या भिंतीवरील पालीवर हा प्रयोग करू नका, तिची त्वचा नाजूक असते आणि घाबरून ती शेपूट टाकते. शेपटी बारीक होणे हे प्रामुख्याने उपासमारीचे लक्षण आहे, कारण तेथे चरबी साठलेली असते. चरबी आठवड्या-आठवड्यांनी घटते, पाणी दोन दिवसांत. म्हणून माझ्या मते या सर्व लक्षणांहून भरवशाचा साक्षीदार म्हणजे ग्रॅम दाखविणारा तराजू. दर आठवड्याला वजन टिपून ठेवावे.

उपचार सोपा आहे, फक्त घाई नको. पेटी उन्हातून आणि पत्र्याखालून हलवून सावलीच्या खोलीत आणा. कोमट पाण्याचा एक थेंब तिच्या ओठाच्या कडेवर सोडा. ती चाटील. मग दुसरा. ती थांबली की आपणही थांबावे. तोंड उघडून पाणी ओतू नये. पालीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते आणि पाणी सरळ फुप्फुसात जाते. बशीत पाऊल भिजेल इतकेच कोमट पाणी घेऊन तिला 10-15 मिनिटे त्यात बसू द्यावे, पण तेथून उठून जाऊ नये. नंतर पेटीत ओल्या कापडाची एक छोटी डबी ठेवावी. त्याहून छान म्हणजे फुटक्या माठाचे खापर भिजवून पालथे घालावे. बाष्पीभवनाने त्याखाली गारवा आणि ओल दोन्ही राहतात, म्हणजे माळावरची भेगच झाली! कापूस वापरू नये, त्याचे तंतू बोटांत अडकतात. शरीरातील तूट दोन ते चार दिवसांत हळूहळू भरून येऊ द्यावी. किडे खायला घालण्याची घाई नको, आधी पाणी.

येथे तुम्हाला एक प्रश्न पडेल. 1971 साली बांगलादेशाच्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पाजून असंख्य रोगी वाचविले. मग तीच पुडी पालीला का देऊ नये? कारण मूत्रपिंडात आहे. आपले मूत्रपिंड जादा मीठ दाट मूत्रातून बाहेर टाकू शकते. पालीच्या मूत्रपिंडाला रक्तापेक्षा दाट मूत्र तयार करता येत नाही. म्हणून क्षारांचे पाणी द्यावयाचे की नाही आणि किती, हे पशुवैद्यांनीच ठरवावे. साधे पाणी मात्र तुम्ही निर्धास्तपणे देऊ शकता.

डोळे खोल गेलेले, अंग लुळे आणि थेंब ओठावर ठेवूनही जीभ बाहेर येत नाही, असे दिसले तर घरगुती उपाय थांबवा. अशा वेळी पशुवैद्य कातडीखाली सुईने द्रव देतात. तालुक्याच्या दवाखान्यात मुख्यत्वे गाई-म्हशी आणि शेळ्या येतात, तेव्हा पाल पाहणारे डॉक्टर पुण्यात कोठे आहेत याची चौकशी उन्हाळा लागण्यापूर्वीच करून ठेवावी. नेताना पालीला सच्छिद्र डब्यात ओलसर कापडावर ठेवावे आणि शक्यतो पहाटेच्या गाडीने निघावे.