आधी विचारावं, मग टिपावं

चि. मनवा,


नवा कॅमेरा घेऊन तू मैत्रिणींबरोबर लवासाला निघालीस, असं वहिनी सांगत होती. तिथे दासव्याला पाण्याकाठी इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर बांधलेली रंगीत घरं आहेत, त्यांचे हवे तेवढे फोटो काढ. पण जरा पुढे मुगावच्या बाजूला धनगर आणि कातकऱ्यांची वस्ती लागते. भर पावसात ओढ्यात खेकडे धरणारी एखादी बाई दिसली, की तुझं बोट आपोआप बटणावर जाईल. तिथे थांब.

मोसे नदीच्या त्या खोऱ्यात विचारून काही नेण्याची रीत फारशी नव्हतीच. वरसगावच्या धरणात नदीकाठची शेतं बुडाली, मग लवासा हे शहर आलं. आमच्या जमिनी नीट न विचारता गेल्या, अशी तिथल्या कित्येक कुटुंबांची तक्रार आहे. अशा माणसाचा चेहराही न विचारता नेणं मला फार वाईट वाटतं.

आणि फोटोखाली तू काय लिहितेस, त्याबाबतही तेवढीच जपून राहा. अमेरिकेत छायाचित्रकार एडवर्ड कर्टिसने 1904 साली नवाहो या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या काही घोडेस्वारांचा पाठमोरा फोटो काढला आणि त्याला 'लोप पावणारा वंश' अशा अर्थाचं नाव दिलं. फोटो सुंदर आहे, नाव साफ खोटं ठरलं. आज नवाहो राष्ट्राच्या नोंदणीत सुमारे चार लाख माणसं आहेत, आणि तिथे येणाऱ्या पर्यटकाला ती सांगतात, फोटो काढण्याआधी विचारा. कातकऱ्यांना सरकार आदिम जमात म्हणतं, महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर. सरकारी यादीतला तो शब्द फोटोखाली चिकटवून तू मात्र त्यांना जुन्या काळात ढकलू नकोस. त्या बाईकडे रेशनकार्ड असतं, मत असतं, बहुधा मोबाईलही असतो.

तुला तर भाषेचीही अडचण नाही. कॅमेरा खाली ठेव, "मावशी, खेकडे मिळाले का?" म्हण, जरा बोल, मग विचार. फोटो कुठे टाकणार तेही सांग. ती गप्प राहिली किंवा पदर ओढून हसली, तर ते नाहीच समज. शहरातून आलेल्या मुलीला तोंडावर नाही म्हणणं तिला अवघड जातं. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नकोतच, आणि चॉकलेट दाखवून तर मुळीच नकोत. मोठ्या माणसाने वेळ मोडून उभं राहायचे पैसे मागितले, तर घासाघीस न करता दे. मॉडेलला देतातच की.

काढलेला फोटो लगेच दाखव. नाही आवडला म्हणाली, तर तिच्यासमोर पुसून टाक. आवडला, तर छापून स्वतः नेऊन दे. पाऊस सरला की बरीच कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला बाहेर पडतात, म्हणून दिवाळीच्या आत जा. छपाईचे पैसे मी देईन.

तुझी,
आत्या