मोटार एका अंगास कां ओढते?

बैल एका अंगास ओढूं लागला म्हणजे आपण प्रथम त्याचा खूर व खांदा पाहतों. एकदम जूं बदलीत नाहीं. मोटारीसही हाच न्याय लावावा, असें आम्ही सुचवितों.

परीक्षा सपाट व सरळ रस्त्यावर करावी. पाणी वाहून जावें म्हणून रस्ते कडेस उतरते असतात. त्यामुळें डावीकडे होणारी किंचित् ओढ हा दोष नव्हे. नंतर टायर थंड असतां हवा मोजावी. पुढील ज्या चाकांत हवा कमी, त्या बाजूस गाडी ओढते. हवा सारखी असूनही ओढ राहिल्यास पुढील चाकें आपसांत बदलावीं. मात्र टायरवर दिशेचा बाण असल्यास बदलूं नयेत. ओढीची दिशा फिरली तर दोष टायरचा. न फिरल्यास चाकांची जुळणी, म्हणजे अलाइनमेंट, तपासून घ्यावी.

ब्रेक दाबतांनाच ओढ येत असेल तर बहुधा उलट बाजूचा ब्रेक दुर्बळ झालेला असतो. ब्रेक न दाबतांही एकच चाक फार तापत असेल, तर त्याचा ब्रेक अडकून राहिला आहे असें समजावें. ओल्या रस्त्यावर अशी गाडी आडवी फिरूं शकते. म्हणून दुरुस्तीवांचून ती बाहेर काढूं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.