‘काळजी’ : एक शब्दपाठ

नोकरीसाठी शहरास निघालेल्या मुलाला आई म्हणते, “काळजी घे.” एस.टी.त चढता चढता मुलगा म्हणतो, “काळजी करू नकोस.” शब्द एकच, आई तो घ्यावयास सांगते, मुलगा करू नये म्हणतो. चौथीच्या वर्गात ही दोन वाक्ये फळ्यावर लिहून भेद विचारावा. व्याकरण येण्याआधीच मुले तो बरोबर सांगतात.

काळजी ‘वाटते’ किंवा ‘लागते’ तेव्हा ती मनाची अवस्था असते. ‘आईला काळजी वाटते’ या वाक्यात आई कर्ता नाही. काळजीच कर्ता आहे. ‘आई काळजी घेते’ म्हणताच आई कर्ता होते आणि पाणी गाळणे, अंथरूण घालणे अशी कामे डोळ्यांपुढे येतात. या कामांना मराठीत निरनिराळे शब्द आहेत. रोपांची व बैलांची निगा राखतात, इमारतीची देखभाल करतात, लेकराचा सांभाळ करतात. ‘निगा’ हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ नजर. ज्याच्यावर रोज नजर असते, त्याची निगा राहते. प्रश्नपत्रिकेतील ‘काळजीपूर्वक वाचा’ येथे काळजीचा अर्थ लक्ष एवढाच होतो. धास्तावलेल्या मुलास नेमके तेच साधत नाही!

आता ‘निश्चिंत’ आणि ‘निष्काळजी’ हे शब्द शेजारी ठेवून पाहावेत. रचना सारखीच; तरी पहिल्यात समाधान आहे, दुसऱ्यात दोष. चिंता ही केवळ मनात असते, म्हणून ती नसणे बरे. काळजीत मात्र करावयाचे काम असते. तिच्या अभावी ते काम राहून जाते.

प्रगतिपुस्तकात ‘निष्काळजी’ हा शेरा पुष्कळदा सहज लिहिला जातो. एखाद्या मुलीची वही चुरगळलेली असते, गृहपाठ अपुरा असतो. आईबाप ऊसतोडीस गेलेले. सकाळी भाकरी भाजून, धाकट्या भावाला न्हाऊ घालून ती शाळेत येते. वर्गात सर्वांहून अधिक काळजी घेणारी तीच असते आणि शेरा तिच्याच नावापुढे पडतो. शिक्षकाने विशेषण लिहिण्याऐवजी दिसले तेवढेच लिहावे : ‘वही फाटली आहे. गृहपाठ अपुरा आहे. घरी चौकशी करावी.’

स्वाध्यायासाठी मुलांना एवढेच विचारावे : तुमच्या घरी कोण कोणाची काळजी घेते? त्यासाठी रोज काय करावे लागते? उत्तरात ‘काळजी’ हा शब्द येऊ देऊ नये.